मिरचीची रोपं घरच्या घरी: बी टोबण्यापासून लागवडीपर्यंत, पायरी-पायरीने

मिरचीची रोपं ट्रेमध्ये कोलमडली की पहिला संशय बियाण्यावर जातो. दुकानदाराशी वाद होतो, कंपनी बदलली जाते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच घडतं. बी खराब निघत नाही असं नाही, पण बहुतेक ठिकाणी बी चांगलं उगवलेलं असतं. उगवल्यानंतरच्या पंधरा दिवसांत ते मरतं, आणि मरतं ते लाडाने. पाणी जास्त, सावली जास्त, खत लवकर.

टोमॅटो चार-सहा दिवसांत वर येतो आणि चुका पोटात घालतो. मिरची तसं करत नाही. तिला उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, सुरुवातीची वाढ संथ असते आणि त्या काळात मुळाशी हवा कमी पडली तर ती सावरत नाही. शेतात आपण वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, बघितल्याशिवाय पाय ठेवत नाही. ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यालाही वाफसा लागतो, हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या पायऱ्या आपोआप पटतील.

हा लेख ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरून रोपं करणाऱ्यांसाठी आहे. एकरभर लागवड असो की गच्चीवरच्या वीस कुंड्या, क्रम तोच.

१. आधी तारीख, मग बियाणं

लागवडीची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा. ट्रेमधलं मिरचीचं रोप ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येतं. थंडीच्या दिवसांत आणखी आठवडाभर धरा. नंदुरबारकडे जून-जुलैत लागवड करायची तर बी मेमध्येच पडलं पाहिजे. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये लागते, म्हणजे रोपं मार्चच्या उन्हात वाढणार. त्यांच्या सावलीची आणि पाण्याची तयारी वेगळी. कोकणात भात काढून मिरची घेणाऱ्याने भात कापायच्या आतच ट्रे भरलेले असावेत. शेत रिकामं झाल्यावर बी टाकायला घेतलं की महिना वाया गेला.

आता ट्रे किती लागतील ते बघू. चार फुटी सरी आणि दीड फुटावर रोप धरलं तर एकरी ७,२६० रोपं बसतात. शंभर कप्प्यांतून लावण्याजोगी ८० रोपं मिळतील असं धरून चाला. १०० ट्रे म्हणजे ९,८०० कप्पे, त्यातून सुमारे ७,८४० रोपं. लागवड भागून नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, पाच-सहाशे उरतात. मिरचीच्या एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे बिया असतात, म्हणजे १० ग्रॅमची सात पाकिटं. कोकोपीटच्या ५ किलोच्या एका विटेत साधारण वीस ट्रे भरतात. पाच विटा आणा.

पाकिटावरची उगवणशक्ती आणि वैधतेची तारीख दुकानातच वाचा. पाकीट आणि बिल पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

*सावध:* संकरित मिरचीच्या फळातून घरी काढलेलं बी पुन्हा लावू नका. उगवेल, पण प्रत्येक झाड वेगळं निघेल. घरचं बी धरायचं तर ते संकेश्वरी, भिवापुरी किंवा काणकोणच्या खोला मिरचीसारख्या देशी वाणाचं.

२. जागा आणि ट्रे

जागा उंचावर हवी. पावसाचं पाणी साचणार नाही, झाडाची सावली पडणार नाही आणि जवळ जुनं मिरची, टोमॅटो किंवा वांग्याचं पीक उभं नसेल अशी. जुन्या प्लॉटवरची पांढरी माशी आणि फुलकिडे कोवळ्या रोपावर यायला एक दुपार पुरते.

वर ५० टक्क्यांचं शेडनेट आणि चारी बाजूंनी ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी लावा. जाळीचा खालचा काठ मातीत गाडा. दाराला दोन पडदे ठेवा, एक सरकवून आत गेल्यावर दुसरा उघडायचा. शंभर ट्रेसाठी बांबूचा साधा सांगाडाही चालतो, त्यासाठी पॉलिहाऊस लागत नाही.

ट्रे जमिनीवर ठेवू नका. विटांवर बांबू किंवा जुने पाइप आडवे टाकून त्यावर मांडा, खालून हवा खेळली पाहिजे. याचं कारण मुळीत आहे. कप्प्याच्या भोकातून खाली आलेलं मुळीचं टोक हवेत आलं की थांबतं आणि आत नव्या मुळ्या फुटतात. ट्रे मातीला टेकलेला असेल तर मुळी सरळ जमिनीत घुसते. लागवडीच्या दिवशी ट्रे उचलला की ती तुटते आणि आठ दिवस रोप मान टाकून बसतं.

ट्रे जुने असतील तर आधी ब्रशने घासून चिकटलेलं कोकोपीट काढा. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून साध्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. रोपं कोलमडवणाऱ्या मर रोगाची बुरशी मागच्या हंगामातून याच चिकटलेल्या कणांतून येते, त्यामुळे न घासता नुसतं बुडवून भागत नाही.

*तपासा:* प्रत्येक ट्रे उजेडाकडे धरून बघा. बुजलेलं भोक दिसलं तर काडीने मोकळं करा. भोक बंद असलेल्या कप्प्यातलं रोप हमखास मरतं.

३. कोकोपीट: इथे घाई नको

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. वीट पाण्यात टाकली, फुगली, ट्रे भरले, झालं असं समजलं जातं.

कोकोपीट नारळाच्या काथ्यातून येतं आणि त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उशिरा उगवतं, बीजपत्रांच्या (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) कडा करपतात आणि मुळीचं टोक तपकिरी पडतं. शेतकरी म्हणतो बुरशी आली आणि औषध ओततो. क्षार मात्र तिथेच असतात.

वीट मोठ्या टाकीत किंवा ताडपत्रीच्या खड्ड्यात भिजवा. ५ किलोच्या विटेला २० ते २५ लिटर पाणी लागतं. पूर्ण फुगली की जाळीदार क्रेटमध्ये किंवा गोणीत भरून वरून पाणी सोडा. खालून येणारं पाणी सुरुवातीला गडद तपकिरी असतं. ते फिकट होईपर्यंत धुवा, निदान तीन वेळा. पाण्यातले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर असेल तर खालून निथळणारं पाणी मोजा. वरून घातलेल्या पाण्याच्या आकड्याजवळ ते आलं की धुणं पुरे झालं.

हलक्या प्रतीची वीट असेल तर एक जादा काम करा. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ४ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून धुतलेलं कोकोपीट त्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पुन्हा साध्या पाण्याने धुवा. कोकोपीटच्या कणांना धरून बसलेलं सोडियम-पोटॅशियम कॅल्शियममुळे सुटतं, नुसत्या पाण्याने ते पूर्ण निघत नाही. पिशवीवर 'धुतलेलं, कमी ईसी' (म्हणजे कमी क्षार) असं लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच.

शेणखत मिसळायचा मोह होतो. कच्चं किंवा न चाळलेलं शेणखत ट्रेमध्ये नको, त्यातून बुरशी, तण आणि अळ्या येतात. चांगलं मुरलेलं, बारीक चाळलेलं गांडूळखत चार घमेली कोकोपीटला एक घमेलं चालेल. नसलं तरी काही बिघडत नाही.

*तपासा, मुठीची परीक्षा:* भरायच्या वेळी कोकोपीट मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोट लावताच फुटावा. धार लागली तर तासभर पसरून ठेवा. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा. हा ओलावा चुकला तर पुढचे आठ दिवस तो दुरुस्त करता येत नाही, कारण ट्रे झाकलेले असणार.

४. भरणं आणि टोबणं

ट्रेवर कोकोपीट सैल पसरा, कप्पे काठोकाठ भरा, वरचं जादा पट्टीने ओढून घ्या. ट्रे जमिनीवर एकदा हलकेच आपटा, खाली बसलेले कप्पे पुन्हा भरा. हाताने दाबून भरू नका. दाबलं की हवेची जागा गेली.

एक भरलेला ट्रे दुसऱ्या ट्रेवर ठेवून हलका दाब दिला की प्रत्येक कप्प्यात खळगा पडतो. खळगा अर्धा सेंटिमीटर खोल हवा, एक सेंटिमीटरच्या पुढे कधीच नको. एका खळग्यात एकच बी टाका. 'एक नाही उगवलं तर दुसरं' म्हणून दोन बिया टाकल्या तर दोन्ही उगवतात, आणि एक उपटताना दुसऱ्याची मुळी हलते.

बी रंगीत असेल, म्हणजे गुलाबी, निळं किंवा हिरवं, तर त्यावर कंपनीने औषध चढवलेलं आहे. ते धुवू नका, भिजवू नका, वर आणखी काही चोळू नका. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. घरच्या देशी बियाण्याला मात्र प्रक्रिया हवीच: किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. छटाकभर बियाण्याला चिमूटभर पावडर पुरते. पाण्याचा हबका मारून चोळा आणि सावलीत सुकवा. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. त्याच बियाण्याला रासायनिक बुरशीनाशकही लावलं तर पैसे दोन्हीकडून गेले.

बी टाकल्यावर वरून कोकोपीटचा पातळ थर भुरभुरा. झारीने अगदी थोडं पाणी द्या, वरचा थर ओला होण्यापुरतं. मुठीची परीक्षा नीट झाली असेल तर याहून जास्त पाणी लागत नाही.

*सावध:* थर फार पातळ राहिला तर बीजपत्रं बियाचं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतात. ते नखाने ओढून काढू नका, बीजपत्रं तुटतात. सकाळी बारीक फवाऱ्याने ओलं करा, एक-दोन दिवसांत बहुतेकांचं गळून पडतं.

५. चळत आणि झाकण

ट्रे एकावर एक रचून झाकले की ऊब आणि ओल दोन्ही टिकतात. एका चळतीत आठ-दहाच ट्रे ठेवा. एक उभा, त्यावर एक आडवा असे रचा. सरळ रचले तर वरच्या ट्रेचे कप्पे खालच्यात रुततात आणि बी दाबलं जातं. सगळ्यात वर एक रिकामा ट्रे ठेवून चळत काळ्या प्लॅस्टिकने गुंडाळा.

ही चळत सावलीत ठेवायची, घरात किंवा गोठ्याच्या पडवीत. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश मानवतं. उन्हात ठेवलेल्या प्लॅस्टिकखाली तापमान सहज चाळिशीपार जातं आणि बी आतच शिजतं. उलट डिसेंबर-जानेवारीत नाशिक-नगरकडे रात्री पारा दहाच्या खाली येतो. तिथे चळत बंद खोलीत ठेवून वर गोणपाटाचे दोन थर टाका आणि पंधरा दिवस धीर धरा. थंडीत उशीर झाला म्हणजे बी मेलं असं नाही.

आता खरी चूक. चळत वेळेवर उघडली जात नाही. 'आठवड्याने बघू' म्हणून लोक शेताच्या कामाला लागतात आणि उघडतात तेव्हा आत दोन बोटं लांब, पिवळी, दोऱ्यासारखी रोपं दिसतात. अंधारात लांबलेलं रोप नंतर कितीही ऊन दिलं तरी आखूड होत नाही. त्याची मान बारीक राहते आणि मर रोगाला तेच आधी बळी पडतं.

म्हणून चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चळत उघडून बघा. वरचा ट्रे बघून समाधान मानू नका. मधला ट्रे काढा, ऊब तिथे जास्त असते आणि उगवण तिथेच आधी सुरू होते. कोकोपीटला बारीक तडा जातो, मग पांढरा वाकडा कोंब पाठ वर काढतो. शंभरात पाच-सात ठिकाणी असं दिसलं की त्याच तासाला सगळी चळत मोडा आणि ट्रे शेडनेटखाली मांडा. बाकीचे कोंब उजेडात उगवतील. संध्याकाळी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, एका रात्रीत कोंब अर्धा इंच ओढला जातो.

६. पहिले पंधरा दिवस: पाणी

रोप इथेच तरतं किंवा मरतं. 'रोज सकाळ-संध्याकाळ पाणी' हा नियम सोडून द्या. पाणी रोप मागेल तेव्हा द्यायचं, आणि ते कधी मागतंय ते ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण वजन. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने एक ट्रे दोन्ही हातांनी उचलून त्याचा भार लक्षात ठेवा. रोज सकाळी तोच ट्रे उचला. निम्म्याने हलका लागला तर पाणी द्या. तीन-चार दिवसांत हात तयार होतो.

दुसरी खूण रंग. ओलं कोकोपीट गडद, सुकलेलं फिकट. पण नुसत्या वरच्या रंगाने फसायला होतं. वर फिकट आणि खाली चिंब असं नेहमी असतं, विशेषतः ढगाळ हवेत. म्हणून तिसरी खूण: एखाद्या न उगवलेल्या कप्प्यात आगकाडी तळापर्यंत खोचा आणि मिनिटभराने काढा. टोक ओलं असेल तर आज पाणी नाही.

पाणी सकाळी द्या, सात ते नऊच्या दरम्यान. मार्च ते मेच्या उन्हात दुपारी दोनच्या सुमाराला हलकं दुसरं पाणी लागेल. चारनंतर पाणी नको. रात्रभर पानं आणि मान ओली राहिली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं.

झारीच्या चाळणीचं तोंड वरच्या बाजूला करून धरा, म्हणजे पाणी पावसासारखं खाली पडतं आणि कोवळी रोपं आडवी होत नाहीत. पाइपने देत असाल तर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बाजूला सोडा, ते हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. दुपारच्या पाण्यानंतर अख्ख्या रांगा करपल्या तर औषधाआधी पाइप तपासा.

ट्रेच्या कडेचे कप्पे मधल्यांपेक्षा लवकर सुकतात. सगळीकडे सारखं पाणी दिलं तर कडेची रोपं खुरटी आणि मधली लांबट होतात. कडेला झारी थोडी जास्त फिरवा आणि चार दिवसांनी बाहेरचे ट्रे आत, आतले बाहेर करा.

उजेडाचंही असंच. शेडनेट दुपारच्या उन्हासाठी असतं. पावसाळी ढगाळ हवेत ते दिवसभर गुंडाळून ठेवा आणि पाऊस येणार असेल तर पारदर्शक प्लॅस्टिक ओढा. थंडीत रात्री प्लॅस्टिक झाका पण सकाळी नऊ-दहाला काढा. आत साचलेलं दव दुपारपर्यंत तसंच राहिलं तर ते पाण्याच्या अतिरेकाइतकंच वाईट.

*तपासा:* कोकोपीटवर हिरवट शेवाळ आलं किंवा चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या, तर पाणी जास्त होतंय. औषध शोधू नका, एक पाळी चुकवा.

७. रोपं कोलमडू लागली तर

आधी नीट बघा. मातीलगत मान पाणचट, तपकिरी, दोऱ्यासारखी बारीक झालीय आणि वरची पानं अजून हिरवी आहेत, तर ती मर. ती एका कोपऱ्यातून सुरू होते आणि गोल पसरत जाते. मान कात्रीने कापल्यासारखी साफ तुटलेली असेल तर ते अळीचं किंवा रातकिड्याचं काम आहे. रात्री बॅटरी घेऊन ट्रेखाली शोधा.

मर असेल तर हा क्रम ठेवा:

पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतालच्या एका रांगेतली चांगली दिसणारी रोपंसुद्धा कोकोपीटसकट काढून लांब नेऊन पुरा. तो ट्रे बाकीच्यांपासून दूर ठेवा. पाणी थांबवा. बाजूचा पडदा उघडून हवा खेळती करा. मगच औषध: कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात आळवणी, म्हणजे पानांवर न फवारता मुळाशी द्यायचं. दोन दिवसांनीही पसरत राहिली तर मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, पुन्हा आळवणीच.

लोक उलट करतात: आधी आळवणी, आणि पाणी सुरूच. आळवणी म्हणजे आणखी पाणी. ओल्या ट्रेवर ती केली तर औषध खालून वाहून जातं आणि मुळी आणखी गुदमरते. ट्रे अर्धा हलका झाला की आळवणी करा.

रासायनिक आळवणीनंतर आठ-दहा दिवस ट्रायकोडर्मा देऊ नका. मर नसताना, उगवणीनंतर आठवड्याने लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्माची एक आळवणी खबरदारी म्हणून चांगली.

८. खत: खरी पानं आल्यावरच

सुरुवातीची दोन गुळगुळीत, लांबट पानं ही बीजपत्रं. त्यांच्यात बियातली शिदोरी असते आणि तोवर रोपाला बाहेरचं काही लागत नाही. खऱ्या पानांची पहिली जोडी उलगडली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम द्या. आठवड्याने २ ग्रॅम, आणि गरज वाटली तर आणखी आठवड्याने तेवढंच. खत सकाळी द्या आणि लगेच वरून साध्या पाण्याची हलकी झारी फिरवून पानं धुऊन घ्या.

युरिया नको. त्याने रोप चार दिवसांत काळंशार दिसतं, पण कांडी मऊ पडते आणि मऊ कांडीवर फुलकिडे आधी येतात. दुकानात मिळणारी टॉनिकं, ह्युमिक, शेवाळाचा अर्क यांवर या वयात खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या जाळीत घाला.

पानं पिवळी दिसली तर खत द्यायच्या आधी एक रोप गोळ्यासकट बाहेर काढून मुळी बघा. पांढरी मुळी चालू असेल तर भूक आहे, खत द्या. मुळी तपकिरी आणि बोटाने चोळल्यावर साल सुटत असेल तर ती गुदमरलीय, पाणी कमी करा. थंडीत पानांची खालची बाजू जांभळट झाली तर मुळीला गारठ्याने स्फुरद उचलता येत नाही. खताने ते बरं होत नाही, रात्रीची ऊब वाढवा.

९. चुरडा-मुरडा रोपवाटिकेतच अडवा

शेतात महिनाभराने दिसणाऱ्या चुरड्याचं, म्हणजे पानं आक्रसून वळण्याचं, मूळ बऱ्याचदा ट्रेमध्ये असतं. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी, रोपांच्या उंचीपेक्षा चार बोटं वर टांगा. दर दोन दिवसांनी पांढऱ्या कागदावर रोप हलकेच झटका. पिवळसर, काडीसारखे बारीक किडे पळताना दिसले की ते फुलकिडे. पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड. दोघांची औषधं वेगळी आहेत. कीटकनाशकाने कोळी मरतीलच असं नाही, म्हणून ओळखल्याशिवाय फवारू नका. सुरुवातीला अझाडिरेक्टिन (कडुनिंबातलं औषध) लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, आणि आधी एकाच ट्रेवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

आणखी एक, ज्याकडे कुणीच लक्ष देत नाही. तंबाखूतून मोझॅकचा विषाणू हाताला लागतो आणि हातातून रोपाला. तंबाखू मळणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय ट्रेला हात लावू नये. मजुरांना हे आधीच सांगा आणि दारात साबण-पाणी ठेवा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आणि सुरकुत्या असलेलं रोप दिसलं तर उपटून जाळा. ते सुधारत नाही.

१०. शेवटचा आठवडा: रोप कणखर करणं

रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच झालं, पाच-सहा खरी पानं आली, कांडी बोटांत टणक लागली, की शेडनेट काढायला लागा. पहिले दोन दिवस फक्त सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. कीडरोधक जाळी मात्र लागवडीच्या दिवसापर्यंत राहू द्या. खत बंद. पाणी इतकं ताणा की दुपारी पानं किंचित मलूल व्हावीत आणि संध्याकाळी आपोआप उभी राहावीत. संध्याकाळी उभी राहिली नाहीत तर ताण जास्त झाला.

पाच ते सात दिवस पुरे. पाऊस लांबला, शेत तयार नाही म्हणून ट्रे तसेच ठेवले तर मुळ्या कप्प्यात गोल फिरतात आणि रोपाला ट्रेमध्येच कळी लागते. पन्नास दिवसांच्या पुढचं, कळी धरलेलं रोप लावण्यात अर्थ नाही. ते शेतात गेल्यावरही खुरटंच राहतं.

*तपासा:* कप्प्याच्या तळाला बोटाने दाबून एक रोप वर ढकला. गोळा न फुटता अख्खा निघाला आणि भोवती पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दिसलं तर रोप तयार आहे. कोकोपीट गळून पडलं तर चार दिवस थांबा.

११. लागवडीच्या दिवशी

शेतात आदल्या दिवशी ठिबक चालवून वाफसा आणा. लागवडीच्या दोन-तीन तास आधी ट्रेला पोटभर पाणी द्या. कोरडा गोळा कप्प्याला चिकटतो आणि शेतात गेल्यावर भोवतालची ओल लवकर घेत नाही.

ऊन उतरल्यावर, चारनंतर लावा. मान धरून उपटायचं नाही. तळातून दाबायचं आणि गोळ्याला धरून काढायचं. मजूर घाईत मानेला धरून ओढतात, म्हणून पहिल्या सरीत स्वतः उभं राहून दाखवा.

खोली महत्त्वाची आहे. कोकोपीटचा गोळा पूर्ण झाकून वर अर्धा सेंटिमीटर माती आली पाहिजे. गोळा उघडा राहिला तर ऊन-वारा त्यातलं पाणी ओढून घेतो आणि ओल्या शेतात रोप सुकतं. टोमॅटोसारखं खोल गाडायचंही नाही, मिरचीची मान खोल मातीत गेली की सडू शकते. मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरलेलं प्लॅस्टिक) असेल तर रोपाची कांडी आणि पान पेपरच्या कडेला टेकू देऊ नका, दुपारी तापलेल्या पेपरने ती भाजते. लावल्या लावल्या पाणी द्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

उरलेले ट्रे शेताच्या बांधावर उघड्यावर ठेवू नका, जाळीतच ठेवा आणि त्यांना नेहमीसारखं पाणी द्या. नांग्या आठ-दहा दिवसांच्या आत भरा. त्यानंतर भरलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत अडकतं आणि तोड्याला कधीच जुळत नाही. दहा दिवसांनंतर उरलेली रोपं चांगली दिसली तरी काढून टाका आणि ट्रे त्याच दिवशी घासून धुवा, कोकोपीट ओलं असताना ते लगेच सुटतं.